दिसली म्हणे

मला ऐकण्याच्या कामावर नेमलंय, असं मी घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "नेमणाऱ्यांनी तुम्हाला आधी बघितलं होतं का?"

प्रश्न रास्त होता. मी बोलणारा माणूस. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात उभी हयात काढली, आणि तिथेही माझी ख्याती अशी, की एखादा सुटा भाग मी नापास केला तर त्याच्यावर चिठ्ठी लावून थांबायचो नाही. बनवणाऱ्याला बोलावून भाषण द्यायचो. निवृत्तीनंतर श्रोते गेले, भाषण राहिलं. घरात मी ऐकतो ती फक्त कुकरची शिट्टी, आणि तीही मोजताना चुकतो.

नेमणारी एक पुण्याची मुलगी होती. वयाने माझ्या मुलीएवढी. एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलाच्या, वरच्या मजल्यावर, सांबाराच्या वासात, तिची छोटीशी संस्था चालायची. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या मागे, मोठ्या नाल्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक वस्ती आहे, तिथे ही मंडळी काम करत. वस्तीतली बरीचशी माणसं अथणी, चिकोडी, बिदर अशा बाजूंची. घरात मराठी, नळावर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. संस्थेत बाकी कुणाला मराठी धड येत नव्हतं आणि मला कन्नड धड येत नव्हतं. इतकी वर्षं इथे राहूनही माझं कन्नड 'स्वल्प'च आहे. रिक्षावाले ते ऐकून मीटर न बघता दया दाखवतात. तर ही माझी एकमेव पात्रता.

"काका, तुम्ही फक्त बसायचं आणि ऐकायचं," ती मुलगी म्हणाली. "करेक्ट नाही करायचं कुणाला. प्लीज. लोक काय म्हणतायत ते मला येऊन सांगायचं, बस."

"त्यात काय अवघड आहे?" मी म्हणालो, आणि ऐकणं किती महत्त्वाचं असतं यावर तिला बराच वेळ सांगत बसलो.

वस्तीत झालं होतं ते असं. उन्हाळ्यात एका संध्याकाळी अचानक धो धो पाऊस आला, नाला भरून वस्तीत घुसला. माणसं अंथरुणं, गॅसच्या शेगड्या उचलून धावली. पाणी ओसरलं तेव्हा एका खोलीतली पोर नव्हती. शाळेत नुकतं नाव घातलेली, एवढीशी. आई कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला, ती शिफ्टवरून परत यायच्या आत हे सगळं होऊन गेलं. बाप होसकोटेकडच्या कारखान्यात, तिथेच राहायचा, रविवारी यायचा. अग्निशमनवाल्यांनी नाला धुंडाळला, पण तो पुढे तळ्याला मिळतो, आणि तळं मोठं आहे. काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत एकच बोलणं सुरू झालं: पोरं पळवणारी टोळी फिरतेय. त्या पोरीचा एक फोटो, गावच्या जत्रेतला, लाल फ्रॉक घालून पाळण्यासमोर उभी असलेला, या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरला. चादरी विकायला आलेल्या एका माणसाला बदडलं गेलं. डोस द्यायला आलेल्या नर्सबाईंना रस्त्यातूनच परत पाठवलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, शिफ्टला जाताना बायका पोरांना खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावू लागल्या. एप्रिलमधला पत्रा. बाहेरून हात लावला तरी चटका बसायचा, आतल्यांचं काय होत असेल. संस्थेला तिथे पोरांसाठी दिवसभराची एक खोली काढायची होती, पंखा, पाणी, खाणं सगळं असलेली. पण एक बाई त्या मुलीला तोंडावर म्हणाली, "सगळी पोरं एका खोलीत गोळा करून ठेवायची म्हणतासा? टोळीला येवढी सोय तर टोळीनं बी केली नसती."

म्हणून मी. वस्तीत नक्की काय बोललं जातंय ते ऐकायला.

पहिल्या दिवशी मी पोरांसाठी चिक्की घेऊन गेलो.

आता वाचणाऱ्याला हे लगेच दिसतं. मलाही दिसायला हवं होतं. पोरं पळवणाऱ्यांच्या भीतीने गारठलेल्या वस्तीत एक अनोळखी म्हातारा खांद्याला झोळी लावून शिरतो आणि पोरांना जवळ बोलावून गोड देतो. माझ्याभोवती कडं पडायला चिक्कीचा एक तुकडाही संपावा लागला नाही. कुणीतरी माझी झोळी ओढली, कुणीतरी कॉलर. मी माझ्या कन्नडमध्ये खुलासा केला, त्याने संशय वाढला. मराठीत केला, तेव्हा एकजण म्हणाला, "बघा, भाषा बी शिकून आलाय!"

मला सोडवलं ते वस्तीच्या तोंडाशी इडलीची गाडी लावणाऱ्या एका म्हातारीने. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिने मला वरून खाली न्याहाळलं, माझ्या गुडघ्यांवर नजर थांबवली आणि म्हणाली, "ह्यो पळवणार? ह्यो पोर उचलून चार पावलं गेला तर पोरच ह्याला घरी आणून सोडंल." लोक हसले, पांगले. माझी अब्रू गेली, मान वाचली. तेव्हापासून मी तिच्या गाडीशेजारी एका उलट्या घातलेल्या बादलीवर बसू लागलो.

तिथे बसून मी जे ऐकलं त्याने माझ्यातला तपासनीस जागा झाला.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की त्या पोरीची आई घागर घेऊन नळावर यायची. बारीक, उंच बाई, पाणी भरून झालं तरी लगेच जायची नाही. कामावरून परतणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी तिच्यापाशी थांबायचं.

"यशवंतपूरला दिसली म्हणे. आमच्या मशीनवरच्या पोराच्या भावानं बघितलं. लाल फ्रॉक. अंगानं भरलीया."

"सरी," ती म्हणायची. म्हणजे बरं.

दुसऱ्या दिवशी कुणी तुमकूरला बघितलेली असायची. एका बाईसोबत होती, बाई चांगल्या घरची वाटत होती, पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. त्याच दिवशी दुसरा कुणी होसूरकडून खबर आणायचा. बसच्या खिडकीत होती म्हणे, लाल फ्रॉकात, झोपली होती. आई ऐकायची, मान हलवायची, "सरी" म्हणायची, घागर उचलून जायची. पोरीला शोधायला तिला तुमकूरला धावताना मी कधी बघितलं नाही. हे मला खटकायला हवं होतं. मला खटकलं ते एवढंच, की एक पोर एकाच दिवशी तुमकूर आणि होसूर, शहराबाहेर दोन विरुद्ध दिशांना, दिसू शकत नाही.

कारखान्यात आमच्याकडे एक साधं माप असायचं. भागाच्या भोकात त्याचं एक टोक गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. असं झालं तर पास, नाहीतर नापास. मध्ये काही नाही. मी अफवाही तशीच मापली. पास होणारी एकही नव्हती. मोठ्या रुबाबात मी हे त्या मुलीला जाऊन सांगितलं.

ती म्हणाली, "काका, खोटं आहे ते मलापण माहितीये. कोण सांगतं, कुणाला सांगतं, हे बघा ना."

"हो हो," मी म्हणालो. म्हणजे ऐकलं नाही.

पुढच्या आठवड्यात वस्तीतल्या यल्लम्माच्या देवळासमोरच्या मांडवात बैठक होती. त्या मुलीने विचारायचं आणि बायकांनी बोलायचं असं ठरलेलं. ती विचारत होती आणि बायका पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. शांतता मला सोसवत नाही. मी उभा राहिलो. ती मुलगी माझ्या शर्टाची बाही ओढत होती, हे मला आठवतं.

मी चांगलं बोललो. अगदी मुद्देसूद. मी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आलोय, अशी कुठलीही टोळी नाही. कुठेही कुणाचं पोर पळवलेलं नाही. ज्या ज्या ठिकाणी पोर दिसली म्हणतात ते सगळं ऐकीव, आणि मी तुम्हाला दाखवतो कसं. तुमकूर, होसूर, एकच दिवस. मी हवेत नकाशासुद्धा काढला. शेवटी म्हणालो, "तेव्हा घाबरू नका. पोरं कुणीही नेत नाही."

मागे मांडवाच्या खांबाला टेकून त्या पोरीची आई उभी होती. ती कधी बसायची नाही बैठकीत. आवाज चढवला नाही तिने, खरंच विचारल्यासारखं विचारलं.

"मग माझी पोर कुठं हाय, अण्णा?"

नाला मांडवापासून हाकेच्या अंतरावर होता. त्या दिशेला एकही मान वळली नाही. एवढी माणसं बसलेली, कुणी पायाकडे, कुणी देवळाच्या कळसाकडे, कुणी कडेवरच्या पोराच्या टाळूकडे बघत होतं, आणि सगळे मिळून एका बाजूला न बघण्याची इतकी काळजी घेत होते की मला तेव्हा कळलं. टोळी नाही, हे एकट्या मलाच माहीत होतं असं नाही. एकट्या मलाच ते बोलून दाखवल्याशिवाय राहवलं नव्हतं.

अक्का बैठकीनंतर भांडी घासत होती. मी गेलो तर तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "तिच्या घरी काय न्यायचं मग आमी? रिकाम्या हातानं जायाचं?"

मी बस पकडली. तिच्या बोलण्याचा अर्थ लागायला मला घर येईपर्यंतचा वेळ लागला.

माझे वडील इथेच, बेंगळुरूत गेले. आमच्या गल्लीत तेव्हा आम्ही सोडून सगळी कन्नड घरं. पण त्या दिवशी आमची चूल पेटली नाही आणि पेटवावी लागलीही नाही. शेजारच्या काकू ताटलीने झाकलेलं पातेलं घेऊन आल्या, भात आणि सारू, म्हणजे आपलं सार. मागून आणखी कुणी आलं. कुणी काही बोललं नाही, पातेली ठेवली आणि बसले. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. गेलेल्याच्या घरी शेजाऱ्याने न्यायचं जेवण. इकडे वेगळं काही म्हणत असतील, पण पातेलं तेच.

त्या बाईच्या घरी कुणी पातेलं नेऊ शकत नव्हतं. झाकलेलं पातेलं उंबऱ्यात ठेवलं, की पोर मेली. म्हणून माणसं शिफ्टवरून दमून येताना दुसरं काहीतरी घेऊन येत होती. कुणी यशवंतपूरहून, कुणी तुमकूरहून. अंगानं भरलीय म्हणे. हातात बिस्किटं होती म्हणे. झोपली होती म्हणे, शांत. रोज कुणाची तरी पाळी, आणि मी त्या प्रत्येक पातेल्याचं झाकण काढून सिद्ध केलं होतं की आत काही नाही.

बायकोला सांगितलं. ती एरवी अशा वेळी टोमणा मारायची संधी सोडत नाही. त्या दिवशी तिने नुसता गॅस बंद केला.

मी पुन्हा जाऊन बादलीवर बसलो. आता मात्र खरंच ऐकायचं ठरवून. ऐकायला काही उरलं नव्हतं. शिफ्ट सुटायची, माणसं नळापाशी यायची आणि खाली मान घालून पुढे जायची. ती घागर भरून उभी राहायची, पाणी वाहून जाईपर्यंत. कुणी थांबत नव्हतं. माझ्या पुराव्यानंतर कुणाला खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं बोलायची तर आधीपासूनच नव्हती. एकदा तिने स्वतःच एका बाईला विचारलं, "आज कुठं न्हाई दिसली?" त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि निघून गेली.

कुलपं तशीच होती बरं का. माझ्या एवढ्या भाषणाने एक कुलूप उघडलं नव्हतं.

"काय ऐकलंत?" त्या मुलीने विचारलं.

"काही नाही."

"मग तेच सांगा. आत्ताचं नका सांगू, सुरुवातीपासून. टोळीबद्दल नसलेलं सगळं."

तेव्हा मी आठवत गेलो. नाल्याकडच्या भिंतीवर आता कुणी कपडे वाळत घालत नाही. भाजीवाली त्या बाजूला बसायची ती अलीकडे सरकलीय. पोरं खेळता खेळता तिकडे गेली की आया टोळीचं नाव घेऊन ओरडतात, पण पळतात त्या नाल्याकडे. हे सगळं मी बघितलं होतं आणि अफवेशी संबंध नाही म्हणून सोडून दिलं होतं.

तिने ते एकेक करून वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "नाल्याला जाळी पाहिजे, काका. भिंत उंच करून जाळी. त्याशिवाय कुणी कुलूप काढणार नाही. पण त्यांच्यापैकी कुणी ती मागणार नाही. मागितली म्हणजे..."

"हो," मी म्हणालो.

"आणि आपण मागायची नाही. तुम्ही तर नाहीच नाही."

पुढच्या बैठकीला वॉर्डाच्या कार्यालयातून एक साहेब आला होता. वस्तीसाठी काय काय हवंय ते सांगा म्हणाला. मी तोंडात बडीशेप भरून बसलो होतो. ती युक्ती बायकोची, तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही. बायका बोलू लागल्या. नळ आणखी एक. रस्त्याला दिवा. शौचालयाला कडी. पोरांची खोली, बघू पुढं. सगळं सांगितलं. नाला सोडून सगळं. साहेबाने मान हलवली, "सरी, आणखी काही?" आणि कागद मिटायला घेतला.

"नाल्याला जाळी बशवा."

ती खांबापाशीच होती. साहेबाला वाटलं, कुणीतरी एक मागणी सांगितली. तो लिहू लागला.

"आदी जाळी," ती म्हणाली. "मग खोली. मग ह्या पोरं सोडतील." आणि मग, त्या साहेबाला नाही, बायकांना, "कोंडू नगासा पोरास्नी. उकाडा लई हाय."

एवढं बोलून ती खाली बसली. पहिल्यांदाच बसली. अक्का उठून तिच्याजवळ गेली आणि तिने त्या बाईचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. साहेब जाळी किती लांबीची, ते विचारतच होता.

जाळी बसली, हे सांगून टाकतो. पलीकडच्या टोकाला अजून थोडी राहिलीय, ते हेलपाटे अजून चालू आहेत. खोलीही निघाली. तिथे बाहेरचं कुणी नाही, वस्तीतल्याच दोन बायका पोरं सांभाळतात, ही अटही बायकांनीच घातलेली. नर्सबाई आता येतात. टोळीचं नाव कुणी घेत नाही. त्या मुलीने अहवालात मला 'समुदायाचे ऐकणारे' असं लिहिलंय. बायकोने तो अहवाल फ्रिजवर लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसायला.

पण मला सांगायचंय ते त्या बैठकीच्या संध्याकाळचं. अक्काने गाडी लावली नाही. मी बससाठी निघालो तेव्हा ती त्या पोरीच्या आईच्या खोलीकडे जाताना दिसली, हातात पातेलं, वर ताटली. तिच्या मागून आणखी एक बाई, मग तो यशवंतपूरवाला, होसूरवालाही. सगळ्यांच्या हातात काहीतरी झाकलेलं. उंबऱ्याशी चपला वाढत गेल्या. मी रिकाम्या हाताचा, लांब उभा राहिलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बायकोने पिठलं आणि भाकरी केली. फोडणीत मिरची नाममात्र घातली. डबा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सांडू नका. आणि बोलू नका."

खोलीत बाप दाराशी भिंतीला टेकून बसला होता. त्याने मला बघून पाय आखडले, जागा केली. तिने डबा घेतला, गाठ सोडली.

"घरात करून आणलासा?"

"बायकोनं केलं."

"बसा की."

मी बसलो. ती भाकरीकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लाल फ्रॉक जत्रेतला. त्या दिशी तिच्या अंगावर न्हवता. माझ्या साडीचा हिरवा परकर शिवला हुता, त्यो हुता."

बापाने डोळे मिटले.

"पोलिसांस्नी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "ह्या लोकास्नी न्हाई सांगितलं."

"का?" माझ्या तोंडून गेलंच.

"येवढं दमून यायचे, अण्णा. आणि मुद्दाम थांबून सांगायचे."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, आणि तसाच हातात धरून बसली.